पंपाच्या नळीतलं येलदरी

परभणीच्या जिंतूर रोडवरच्या पंपावर पोरगा टाकीत नळी खुपसतो, "झिरो बघा साहेब" म्हणतो आणि मोबाइलकडे बघत उभा राहतो. मिनिटाला ३५ ते ४० लिटरच्या वेगानं पेट्रोल आत जातं. एका लिटरमध्ये साधारण ८.९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे मिनिटाला तीनशे-साडेतीनशे युनिट, आणि हाच वेग विजेच्या भाषेत मांडला तर १९ ते २१ मेगावॅट. याच रस्त्यानं जिंतूर ओलांडून पुढे गेलं की पूर्णेवर येलदरीचं धरण लागतं. तिथल्या जलविद्युत केंद्रात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. तिन्ही पूर्ण भारानं फिरले तर साडेबावीस मेगावॅट. त्या पोरानं एका हातानं धरलेल्या नळीतून जवळजवळ अख्खं येलदरी वाहत असतं.

हा आकडा एकदा डोक्यात बसला की इलेक्ट्रिक गाडीबद्दलचा आपला सगळा घोळ कुठून येतो ते कळतं. परभणीत नवी इलेक्ट्रिक गाडी दिसली की टपरीवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "एका चार्जिंगमधी किती जाती?" पेट्रोलच्या गाडीला हे कोणी विचारत नाही. तिथं विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देती?" टाकीत किती मावतं याची फिकीर गाडीवाल्याला करावी लागत नाही, इतकी ऊर्जा त्या द्रवात ठासून भरलेली आहे.

टाटा नेक्सॉन घ्या. पेट्रोलच्या नेक्सॉनची टाकी ४४ लिटरची, म्हणजे ३९० युनिटची. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची जवळजवळ चार महिन्यांची वीज मागच्या सीटखाली हेलकावे खात असते. इलेक्ट्रिक नेक्सॉनची मोठी बॅटरी ४५ युनिटची. म्हणजे पाच लिटर पेट्रोल, एक छोटा कॅन. त्या पाच लिटरचं वजन चार किलोही भरत नाही; बॅटरी तीनशे किलोच्या घरात जाते. एक मजूर दिवसभर राबला तर त्याच्या अंगमेहनतीतून जेमतेम ०.६ युनिट काम निघतं. त्या हिशेबानं पाच लिटरच्या कॅनमध्ये पंचाहत्तर माणसांचा दिवस भरलेला असतो, आणि आपण तो पाचशे-साडेपाचशे रुपयांत घेतो आणि वर महाग झालं म्हणून कुरकुरतो.

पेट्रोलची गाडी पाच लिटरमध्ये पंच्याहत्तर किलोमीटर जाते, फार तर नव्वद. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच ऊर्जेत तीनशेच्या पुढे जाते. कारण पेट्रोलच्या इंजिनात गेलेल्या दर चार रुपयांतले तीन रुपये उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे बाहेर पडतात. इतका उधळेपणा करूनही गाडी साडेसहाशे किलोमीटर जाते ती केवळ टाकी श्रीमंत म्हणून. इलेक्ट्रिक गाडी गरिबाघरची आहे, पण काटकसरी. आणि काटकसरीच्या घरात पाहुणा आला की लगेच जाणवतं. थंडी, ऊन, वेग, कच्चा रस्ता, वरचं कॅरिअर हे सगळे ते पाहुणे.

कंपनी सांगते तो आकडा या घरात कोणीच आलं नाही असं धरून काढलेला असतो. जानेवारी २०२० मध्ये पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३०.२ युनिटची बॅटरी होती आणि जाहिरातीतली रेंज ३१२ किलोमीटर. आताच्या ४५ युनिटवालीची ४८९. हा आकडा ज्या भारतीय चाचणीतून येतो ती रोलरवर होते, एसी बंद ठेवून, माणसाला सुखाचं वाटेल अशा तापमानात. एक फेरा वीसेक मिनिटांचा, अकरा किलोमीटरच्या आतला, आणि त्यात सर्वाधिक वेग ताशी ९०. तोही काही क्षण. बाकी बराचसा वेळ गाडी गावात रांगते तशी रांगते. खुद्द टाटा हल्ली दुसरा आकडा देते, गिऱ्हाइकाच्या हाती खरोखर लागेल असा, आणि तो साडेतीनशेच्या आसपास आहे. एकाच गाडीचे दोन आकडे, मधे सव्वाशे-दीडशे किलोमीटरचं अंतर. म्हणजे परभणी ते नांदेड जाऊन जवळजवळ परत.

स्वतःचा आकडा काढणं अवघड नाही. गाडीला दोन गोष्टी अडवतात : टायरचं रस्त्याशी घासणं आणि समोरची हवा. पहिली वेगानं फारशी बदलत नाही. दुसरी वेगाच्या वर्गानं वाढते. ६० वरून १०० वर गेलात की हवेचा अडसर पावणेतीनपट होतो. नेक्सॉनच्या उंचीची गाडी, चार माणसं, सपाट डांबरी रस्ता धरून मी गणित मांडलं तर शंभर किलोमीटरला लागणारी वीज अशी येते : ताशी ६० ला साडेदहा युनिट, ८० ला चौदा, १०० ला अठरा. ४५ युनिटमध्ये अनुक्रमे सव्वाचारशे, तीनशे वीस आणि अडीचशे किलोमीटर. बॅटरी तीच, गाडी तीच, फरक उजव्या पायाचा. जिल्ह्यातल्या रस्त्यांची अवस्था पाहता साठच्या वर जायची संधी फारशी मिळत नाही, हा इलेक्ट्रिक गाडीच्या दृष्टीनं आपल्या खड्ड्यांचा एकमेव फायदा.

आता अप-डाऊनवाल्यांकडे येऊ, कारण परभणीत गाडी खऱ्या अर्थानं वापरतात ते हेच. परभणीत घर आणि जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडला शाळा, बँक किंवा तहसील. जिल्ह्यात तालुके नऊ. परभणीहून कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन परत यायला दीडशे किलोमीटर भरपूर होतात. जिंतूर पंचेचाळीसच्या आसपास. रोजचे नव्वद, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सव्वादोन हजार, वर्षाचे २७,०००. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. जिंतूरला अप-डाऊन करणारे गुरुजी सव्वाचौदा वर्षांत तिथं पोचतात आणि तीस वर्षांच्या नोकरीत चंद्रावर जाऊन घरी परत येतात, वर चाळीसेक हजार किलोमीटर शिल्लक राहतात ते वेगळेच. त्यांच्या बदलीच्या अर्जात याचा उल्लेख कुठंच नसतो.

या माणसाला रेंज किती हवी? नव्वद किलोमीटरला बारा युनिट, चार्जिंगमधली गळती धरून घरच्या मीटरवर साडेतेरा. गाडी रस्त्यावर असते दोन-सव्वादोन तास. उरलेले पावणेबावीस तास ती शाळेच्या लिंबाखाली किंवा घरासमोर उभी. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटमधून तीन किलोवॅट वीज मिळते. पंपाच्या नळीच्या मानानं ही सहा-सात हजार पटीनं बारीक धार, पण साडेतेरा युनिट भरायला तिला साडेचार तास पुरतात. रात्री अकराला लावली की साडेतीनला भरली. मधे तासभर लाइट गेली तरी पहाटेपर्यंत वेळ आहे. रोजच्या कामाला ४५ युनिटची बॅटरी चौपट मोठी पडते. टियागो ईव्हीची २४ युनिटची बॅटरीसुद्धा इथं चालून जाते.

पैशाचं गणित परभणीकरांना सांगावं लागत नाही. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत, ही बातमी वर्षानुवर्षं ठरलेली. एप्रिल २०२२ मध्ये इथं लिटरचा भाव १२० च्या वर गेला होता. कारण साधं : पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, तीनशे किलोमीटर टँकरनं. बारा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे लाखाच्या वर युनिट, येलदरीच्या तिन्ही संचांची पावणेपाच तासांची कमाई. तो आणायला जाऊन-येऊन दीडशे लिटर डिझेल लागलं असं धरलं तर ऊर्जेच्या हिशेबात वाहतुकीवर दीड टक्काही जात नाही. लिटरला १०६ धरा. नव्वद किलोमीटरला सहा लिटर, रोजचे ६३६, महिन्याचे सोळा हजार. विजेचे महिन्याला ३३७ युनिट, आणि इथं मेख आहे. महावितरणच्या घरगुती दराच्या पायऱ्या शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटला चढतात. ज्या घराचं बिल आजवर शंभरच्या आत-बाहेर होतं ते एका गाडीनं थेट चारशेच्या पुढे जातं. युनिटला सगळं मिळून पंधरा रुपये धरले तरी पाच हजारच होतात, पण पहिलं बिल हातात आल्यावर घरात जो आवाज होतो त्याची तयारी ठेवलेली बरी.

आणि ही वीज येते कुठून? तारेतल्या विजेवर कुठल्या केंद्राचं नाव लिहिलेलं नसतं, तरी येलदरीपुरता हिशेब करून बघण्याचा मोह आवरत नाही. पाणी तीस मीटरवरून पडतं असं धरा आणि त्यातली ८५ टक्के ऊर्जा वीज होते असं धरा. एका बॅटरीचे ४५ युनिट बनवायला साडेसहा लाख लिटर पाणी खाली पडावं लागतं. बारा हजार लिटरचे चोपन्न टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं. सगळ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. एका गाडीची बॅटरी एकदा भरायला त्याहून जास्त पाणी. गुरुजींच्या रोजच्या जिंतूर फेरीला सोळा टँकर. पाणी अर्थात संपत नाही, ते खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि मग शेताला मिळतं. पण पाच लिटर पेट्रोल एका पारड्यात आणि साडेसहा लाख लिटर येलदरी दुसऱ्यात, तरी काटा मधेच राहतो, हे पचायला वेळ लागतो. परळीच्या औष्णिक केंद्रालाही पाणी लागतंच, आणि ते आपल्याच सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून जातं. २०१५ च्या दुष्काळात तिथं पाणी संपलं तेव्हा परळीचे संच बंद पडले होते.

थंडीकडे वळू, कारण परभणी आणि थंडी यांचं नातं हिवाळ्यात दर वर्षी पहिल्या पानावर असतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारातला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो तीनच्या आसपास गेला होता. महाबळेश्वर लाजावं अशी ही थंडी. मग बॅटरी गारठणार का?

जगात याचे मोठे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. उणे ६.७ अंशांत हीटर लावून रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. हीटर बंद ठेवला तर घट १२ टक्क्यांचीच. म्हणजे थंडी बॅटरीला जेवढं छळते त्याहून जास्त आपण आपलं अंग शेकायला काढून घेतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिन इतकी उष्णता वाया घालवतं की हीटर फुकटात चालतो. काटकसरीच्या घरात वाया जाणारं काही नसल्यानं शेकोटीलाही सरपण विकत आणावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत उणे वीसच्या आसपास चार्जिंग स्टेशनसमोर गाड्या अडकून पडल्या होत्या. आणि त्याच वर्षी नॉर्वेत, जिथं बर्फ महिनोन् महिने हलत नाही, विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. त्यांची गाडी रात्रभर घरी चार्जिंगला लागते आणि निघण्याआधी भिंतीतल्या विजेवरच गरम होते, एवढंच त्यांचं गुपित.

परभणीची थंडी या मानानं पहाटेची पाहुणी आहे. पाच अंश असतात ते सूर्योदयाच्या आगेमागे. दुपारी तोच पारा सत्तावीस-अठ्ठावीसला. तीनशे किलोची बॅटरी दिवसभर तापते आणि रात्री इतक्या सावकाश निवते की बाहेर पाच असताना ती स्वतः त्याहून बरीच उबदार असते. तिला दहा अंशांनी गरम करायला युनिटभरही वीज लागत नाही. शून्याखाली चार्जिंग केलं तर लिथियमच्या बॅटरीला इजा होते हे खरं, पण परभणीत पारा शून्याला टेकत नाही. ब्रेक दाबल्यावर बॅटरीत परत येणारी वीज सकाळी सकाळी थोडी कमी दिसेल, चार्जिंग थोडं रेंगाळेल.

उरतात दोन छोटे चोर. चार अंशांची हवा चव्वेचाळीस अंशांच्या हवेपेक्षा १४ टक्के दाट असते. जानेवारीच्या पहाटे गाडी अक्षरशः जास्त जड हवा कापत जाते. दुसरा चोर टायरमध्ये. दुपारी तीस अंशांत ३३ ची हवा भरली असेल तर पाच अंशांच्या पहाटे काट्यावर २९ दिसते. पंक्चरवाल्याची चूक नसते, हवाच आकसलेली असते. टायर सैल, घर्षण जास्त. थंडीत पंधरा दिवसांनी सकाळीच हवा तपासून घेतली तर हीटरच्या चिंतेपेक्षा जास्त किलोमीटर वाचतील. हीटर लावलाच तर पंचेचाळीस किलोमीटरच्या फेरीत एक-सव्वा युनिट जाईल, सहाच्या जागी सव्वासात. शिवाय माणूस स्वतः शंभर वॅटचा हीटर आहे. गाडी शेअर करून जाणारे चार मास्तर मिळून चारशे वॅट फुकट. कानटोपी असली तर प्रश्नच मिटला.

मे महिन्यात मात्र हेच चारशे वॅट शत्रुपक्षात जाऊन बसतात. आपल्याकडचा खरा हिवाळा उन्हाळा आहे. एएएच्या त्याच चाचणीत ३५ अंशांत एसी लावून रेंज १७ टक्क्यांनी घटली होती, आणि ३५ अंश हे आपल्याकडे मार्चमधलं तापमान. चव्वेचाळीस अंशांत उन्हात तापलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. ती थंड करायला एसी सुरुवातीला अडीच-तीन किलोवॅट ओढतो आणि मग दीडवर स्थिरावतो. जिंतूरच्या रस्त्यावर ताशी पन्नासनं हे पावशेर जादा पडतं. गावात पडतं ते वेगळंच. गांधी पार्कातून स्टेशन रोडला संध्याकाळी ताशी पंधरानं सरकताना एसी शंभर किलोमीटरला दहा युनिट या दरानं खातो. चाकांना तेवढीच लागते. अर्धी बॅटरी गाडी ढकलायला, अर्धी तुम्हाला गार ठेवायला. आणि हे थंडीसारखं दहा-वीस पहाटांपुरतं नाही; फेब्रुवारी सरता सरता सुरू होतं ते मृग बरसेपर्यंत.

उन्हाचं दुसरं काम हळू चालतं. रासायनिक क्रिया दर दहा अंशांना साधारण दुप्पट वेगानं होतात असा ढोबळ नियम आहे, आणि बॅटरी म्हणजे रसायनच. पूर्ण भरलेली गाडी मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी ठेवणं हे तिला म्हातारं करण्याचं सगळ्यात सोपं साधन. अप-डाऊनला चौथाई बॅटरी लागते, तर ऐंशी टक्क्यांवर थांबवा आणि सावली शोधा. बॅटरीवर बरीच वर्षं रूढ असलेली हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते, अशी आहे. पुण्या-मुंबईचा माणूस ती आठ वर्षं मोजतो. जिंतूरचे गुरुजी सहा वर्षं पुरी व्हायच्या आतच किलोमीटरची हद्द ओलांडतात. गाडी घेताना रेंजच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात छापलेला हा आकडा त्यांनी आधी वाचावा.

राहिला लांबचा प्रवास, म्हणजे पुणे. परभणीच्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी हडपसर, वाघोली नाहीतर पिंपरीत असतो. पाथरी, माजलगाव, गेवराई, पाथर्डी करत अहिल्यानगर अडीचशेच्या आसपास, तिथून पुणे आणखी सव्वाशे. ४५ युनिट घेऊन ताशी ८० नं निघालात तर नगरला पोचेपर्यंत ३५ खर्च होतील आणि दहा शिल्लक राहतील. ताशी १०० नं निघालात तर पूर्ण ४५ तिथंच संपतात, म्हणजे नगरच्या आधी कुठंतरी थांबावंच लागेल. घाईत वाचवलेला वेळ चार्जरवर जातो, कारण साठ किलोवॅटच्या जलद चार्जरवरसुद्धा दहा टक्क्यांवरून ऐंशीला जायला चाळीसेक मिनिटं लागतात. एरवी हे चालून जातं, जेवण तेवढ्यात होतं. पण दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळा मराठवाडा एकाच वाटेनं घरी येत असतो. पंपावर तुमचा नंबर चौथा असेल तर दहा-पंधरा मिनिटं. चार्जरवर चौथा असेल तर पुढच्या तिघांचे दोन तास आणि मग तुमची चाळीस मिनिटं. तेव्हा वर्षाचे साडेतीनशे दिवस इलेक्ट्रिक गाडी इथं बिनघोर चालते. उरलेल्या दिवसांसाठी वसुबारसेच्या पहाटेच निघा, नाहीतर नांदेड-पनवेल रेल्वेचं तिकीट काढा, तेही साठ दिवस आधी.